मधलं घर

माझ्या बहिणीचं कान तपासायचं क्लिनिक आणि दाजींचं चष्म्याचं दुकान एकाच इमारतीत आहे. खाली दुकान, वर क्लिनिक, मधे एक अरुंद जिना. दाजींनी त्यावरचा विनोद इतक्या वेळा केलाय, की आता गिऱ्हाईकंच तो आधी करून मोकळी होतात: खाली डोळे, वर कान, नाक तेवढं राहिलं.

मी प्रोग्रामर आहे. दुकानांना, दवाखान्यांना लहानसहान सॉफ्टवेअर करून देतो. लोकांना पडद्यावरची बटणं दिसतात, मी त्या बटणांमधल्या वाटा आखतो. टॅब दाबला की एका बटणावरून पुढच्यावर जायचं, शिफ्ट धरून टॅब दाबला की मागच्यावर यायचं, स्पेसबार मारला की ज्या बटणावर आहोत ते दाबलं जायचं. आपण कुठे आहोत हे कळावं म्हणून त्या बटणाभोवती तुटक रेघेची बारीक चौकट उमटते. आम्ही त्याला फोकस म्हणतो. ज्याला माऊस धरता येत नाही, त्याच्यासाठी ती चौकट म्हणजे आंधळ्याच्या हातातली काठी. हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही. बिघडलं तरच लोकांना कळतं, की असं काही असतं.

गेल्या वर्षी ताईच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी फक्त चमचा धरताना, मग सही करताना, मग नुसता मांडीवर ठेवला तरी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली, कंप राहिला. पेशंट तपासताना तिच्या माऊसचा बाण पडद्यावर माशीसारखा भिरभिरायचा. सूर सोडायचा असायचा डाव्या कानात, क्लिक व्हायचं उजव्यावर. एका बाईंच्या ऐकण्याचा आलेख तिला पुन्हा पुन्हा काढावा लागला. त्या गेल्यावर ती दार लावून रडली, असं दाजींनी मला फोनवर सांगितलं.

"मी सांगितलं म्हणू नका," ते म्हणाले. "पण काहीतरी करा मेव्हणे. हे काम सुटलं तर ती घरात बसून खंगेल."

म्हणून मी तपासणीचं मशीन तेच ठेवलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिच्यासाठी नवी खिडकी बनवली. माऊसला हातही न लावता चालणारी. सुरुवातीला 'डावा कान', त्याच्या शेजारी 'उजवा कान', मग सुराची उंची, आवाजाचा जोर, 'सूर सोडा' आणि शेवटी 'नोंद'. डाव्या हाताने टॅब, डाव्याच हाताने स्पेसबार. उजवा हात मांडीवर खुशाल थरथरू दे. ताई लगेच सरावली. तिने मला फोन केला तेव्हा तिच्या आवाजात फार दिवसांनी तोरा होता. "पेशंट म्हणाले, मॅडम, पियानो वाजवल्यासारखं करता तुम्ही."

पुढच्याच आठवड्यात तिचा दुसरा फोन आला.

"अरे, तुझ्या त्या खिडकीत एक घर रिकामं आहे."

"म्हणजे?"

"डाव्या कानावरून टॅब मारला की उजव्यावर यायला हवं ना? येत नाही. चौकट जाते कुठेतरी. परत मारला की उजव्यावर येते. मधे एक घर आहे. पण तिथे काहीच नाही."

मी हसलो. असं होतं. बनवताना एखादं बटण नंतर नको वाटतं, आपण ते लपवतो आणि काढून टाकायचं विसरतो. फोकस बिचारा त्या लपवलेल्या बटणावरही इमानदारीने जाऊन उभा राहतो. "उद्या येतो," म्हणालो. "पाच मिनिटांचं काम आहे."

त्या पाच मिनिटांची आख्खी दुपार झाली.

क्लिनिकची खोली तशी साधी. खिडकीपाशी ताईचं टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि मशीन. समोर आवाजबंद खोली, म्हणजे दोन मोठी कपाटं जोडावीत एवढा एक पेटारा. भिंतींना आतून राखाडी फोम, एक खुर्ची, हेडफोन आणि वायरीच्या टोकाला अंगठ्याने दाबायचं बटण. जाडजूड दाराला रबराची कड. ते लावलं की कानात दडे बसतात आणि स्वतःचं गिळणं ऐकू येतं. ताई बाहेरून काचेतून आतल्या माणसाकडे बघते. त्याला सूर ऐकू आला की तो बटण दाबतो, आणि ताईच्या टेबलावर हिरवा दिवा लागतो. बस, एवढंच.

मी डाव्या कानावर उभा राहिलो आणि टॅब दाबला. चौकट गेली. पडद्यावर कुठेच नव्हती. परत टॅब दाबला. चौकट उजव्या कानावर आली.

कोड उघडला. त्या दोघांच्या मधे काही नव्हतं. लपवलेलं नव्हतं, विसरलेलं नव्हतं. मग मी एक छोटासा प्रोग्राम लिहिला, जो सिस्टिमला विचारतो, बाई गं, आत्ता फोकस कुणाकडे आहे? इतर ठिकाणी ती नीट नाव सांगायची. मधल्या घरात गेलो की म्हणायची, आहे. कुणाकडे, ते सांगायची नाही. पण "कुणाकडेच नाही" असंही म्हणत नव्हती. आणि हे दाबता येतं, असं म्हणत होती.

शेवटी मी सगळं काढून टाकलं. कोरी खिडकी, त्यात फक्त दोन बटणं, डावा आणि उजवा. दोघांत चौकट नुसती इकडून तिकडे जायला हवी.

मधे घर होतंच.

माझा लॅपटॉप बरोबर होता. तो ना मशीनला जोडलेला, ना ताईच्या कॉम्प्युटरला. त्यावर तीच कोरी खिडकी चालवली. मधे घर. लॅपटॉप उचलला, तसाच उघडा घेऊन बाहेर जिन्यात गेलो, पायरीवर बसलो. डावा, उजवा, डावा, उजवा. घर नाही. परत आत आलो. घर आहे.

दाजी दुकान बंद करून वर आले तेव्हा मी उंबऱ्यावर उभा राहून लॅपटॉप आत-बाहेर करत होतो. त्यांनी थोडा वेळ बघितलं.

"मेव्हणे, बाळाला झोपवताय का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. काही कळलं नाही की ते तेवढंच करतात.

"म्हणजे हे कॉम्प्युटरचं नाही, खोलीचं आहे असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मला काहीच म्हणायचं नाहीये, दाजी," मी म्हणालो. आणि ते खरं होतं.

ताईला मी एवढंच सांगितलं, की मधल्या घरात असताना स्पेसबार मारू नकोस. कारण विचारलं असतं तर मला देता आलं नसतं.

तिने मुद्दाम मारला नाही. चुकून मारला गेला, आणि तोही माझ्यासमोर. पुढच्या खेपेला मी टेबलाच्या कडेला बसून खुडबुड करत होतो. आत बस चालवून निवृत्त झालेले एक आजोबा बसले होते. इंजिनाच्या शेजारी सगळा जन्म गेल्याने त्यांचा डावा कान जवळजवळ गेलेला होता. ताईने डावा कान संपवला, उजव्याकडे निघाली, आणि बोलण्याच्या नादात एकच टॅब मारून स्पेसबार दाबला. मशीनमधून काही गेलं नाही. मशीनची सुई जागची हललीही नाही. मी बघत होतो.

हिरवा दिवा लागला.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. तिने परत स्पेसबार मारला. परत दिवा लागला. आजोबा आत समोर बघत, अंगठ्याने बटण दाबत होते, अगदी शहाण्या मुलासारखे.

ते बाहेर आल्यावर ताईने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आजोबा, मधे एकदा काही ऐकू आलं का? बारीकसं?"

"आलं ना. बटण दाबलं की मी."

"शिट्टीसारखं?"

"नाही हो. कुणीतरी विचारलं."

"काय विचारलं?"

आजोबांनी टोपी हातात फिरवली. "ते नाही बुवा कळलं. पण विचारलं, एवढं कळलं. विचारल्यावर उत्तर द्यायला नको? म्हणून दाबलं."

"कुठल्या कानात?" मी विचारलं.

"कानात नाही," आजोबा म्हणाले. पुढे काहीतरी सांगणार होते. मग त्यांनी डोक्याला हात लावला, मान हलवली आणि जिना उतरून गेले.

त्या दिवशी मी स्वतः आत बसलो. दार लागलं, कानात दडे बसले. काचेतून ताई दिसत होती, तिच्या पाठीमागे खिडकी, खिडकीबाहेर दोन छपरं आणि आभाळ. मी कान देऊन बसलो. काही ऐकू आलं नाही. माझं गिळणं, मानेतली नस, बाकी काही नाही. मला कंटाळा आला. मी हाताने खूण केली: मार की.

ताईने दार उघडलं. तिचा चेहरा उतरला होता.

"मी मारला," ती म्हणाली. "तू लगेच दाबलंस."

"मी दाबलं नाही."

"दिवा लागला. मी तुझा अंगठा पाहिला."

मी अंगठ्याकडे बघितलं. त्याच्या टोकावर बटणाचा गोल ठसा उमटला होता. नुसतं दाबल्यावर उमटतो तसा नव्हे, बराच वेळ घट्ट दाबून धरल्यावर उमटतो तसा.

मग ताई आत बसायला निघाली. मी नको म्हणालो. ती म्हणाली, माझ्या क्लिनिकमध्ये माझ्या पेशंटना काय ऐकू येतं, ते मला नको का कळायला? मी टेबलापाशी बसलो. ती खुर्चीत बसली, हेडफोन लावले. बटण तिने डाव्या हातात धरलं, उजवा मांडीवर ठेवला. नेहमीसारखा थरथरत.

डावा कान. टॅब. चौकट गेली. स्पेसबार.

दिवा लागला. काचेपलीकडे ताईचे ओठ हलले. आतला माईक चालू होता, पण माझ्यापर्यंत आवाज आला नाही. आणि तिचा उजवा हात थांबला.

तिने बाहेर येऊन आधी तोच माझ्यासमोर धरला. पाचही बोटं स्थिर. वर्षभरात मी तो हात असा पाहिला नव्हता. तिने टेबलावरचा पाण्याचा ग्लास उजव्या हाताने उचलला, प्यायली, खाली ठेवला. एक थेंब सांडला नाही.

"तू बोललीस आत," मी म्हणालो.

"मी? छे. मी तर वाट बघत होते, तू कधी दाबतोस म्हणून."

संध्याकाळपर्यंत तो हात शांत राहिला. मग पुन्हा हलायला लागला. दुसऱ्या दिवशी तिने दाजींना वर बोलावून कळा कशा दाबायच्या ते शिकवलं. मग रोज सकाळी क्लिनिक उघडण्याआधी दाजी टेबलापाशी बसायचे आणि ती आत. ती पुन्हा सही करू लागली. बहिणीने स्वतःच्या हाताने सुईत दोरा ओवलेला पाहून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आता जिना चढण्याआधी मी खाली दुकानातच रेंगाळायचो.

मी तिला म्हणालो, "ताई, हे बंद करूया. काय आहे ते आपल्याला माहीत नाही."

"गोळीत काय असतं ते तरी मला कुठे माहीत आहे?"

"गोळी कुणीतरी बनवलेली असते. हे कुणी बनवलंय?"

"तू," ती म्हणाली. "खिडकी तुझीच ना?" आणि माझा चेहरा बघून थोडी नरमली. "तुझा हात हलत नाही रे. म्हणून तुला सांगायला सोपं जातं."

दाजी चष्मा पुसत होते.

ताईकडे वर्षाकाठी एकदा येणारी एक मुलगी होती. मुलगी म्हणजे पंचविशीची, कपडे शिवायची. जन्मापासून दोन्ही कानांनी काही ऐकू येत नव्हतं. तिची आई तिला दर वर्षी घेऊन यायची. मुलीला स्वतःला त्यात काही रस नव्हता, आईसाठी म्हणून यायची. ताई कर्तव्य म्हणून सगळे सूर सोडायची, दिवा एकदाही लागायचा नाही, आणि आई "बरं" म्हणून मुलीला घेऊन जायची.

या वर्षी ताईने मधल्या घरात स्पेसबार मारला. का मारला, ते तिने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढचं तिनेच फोनवर सांगितलं. दिवा लागला. मुलीच्या आईने तो पाहिला. तिला त्या दिव्याचा अर्थ पाठ होता. ती जागची उठली, तोंडावर हात धरून काचेशी गेली. मुलगी हेडफोन काढून बाहेर आली, आईकडे बघितलंही नाही, सरळ क्लिनिकच्या दाराशी गेली, ते उघडलं आणि जिन्यात डोकावून पाहिलं. वर पाहिलं, खाली पाहिलं. मग आईला खुणेने काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय?" ताईने विचारलं.

"म्हणतेय, दारात कोण आलंय," आई रडत रडत हसत होती. "डॉक्टर, तिला ऐकू आलं ना? सांगा ना, आलं ना?"

ताईने फोनवर आवाज खाली आणला.

"मी काय सांगू रे तिला?" ती म्हणाली. "हो म्हणू? नाही म्हणू? ती पुढच्या आठवड्यात पुन्हा आणते म्हणालीये. तिने शेजारपाजारी सांगितलं असेल. ये तू. बंद कर ते."

"तुझा हात?"

"ये तू," ती म्हणाली.

मी दुपारी गेलो. क्लिनिकला सुट्टी होती, खाली दुकान चालू होतं. ऊन टेबलापर्यंत आलं होतं. ताईने आवाजबंद खोलीचं दार हवा खेळायला उघडं ठेवलं होतं. आत रिकामी खुर्ची, खुंटीला हेडफोन, शेजारी वायरीने लोंबणारं बटण.

काम सोपं होतं. एरवी वाट सिस्टिम ठरवते, या खेपेला मी ती हाताने बांधून टाकली. डाव्या कानानंतर उजवा कान, दुसरीकडे जायचं नाही. नवी आवृत्ती चढवली. डाव्या कानावर उभा राहिलो, टॅब दाबला.

चौकट उजव्या कानावर आली.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. कितीतरी वेळा केलं. मधे घर नव्हतं.

"झालं," मी म्हणालो.

ताई माझ्याकडे पाठ करून खिडकीच्या काचा पुसत होती. उजव्याच हाताने. फडकं थरथरत काचेवर फिरत होतं. "बरं झालं," ती म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

सामान आवरताना माझ्या लक्षात आलं, की मी फक्त पुढे जाणारी वाट बांधली होती. मागे येणारी तपासली नव्हती. वाट दोन्ही बाजूंनी असते. कुणीही शिकाऊ प्रोग्रामर आधी ते बघतो.

मी उजव्या कानावर गेलो. शिफ्ट धरून टॅब दाबला.

चौकट गेली.

मी स्पेसबारला हात लावला नव्हता. हात मागे घेतला, मांडीवर ठेवला.

हिरवा दिवा लागला.

मी आवाजबंद खोलीत पाहिलं. खुर्ची रिकामी. बटण लोंबत होतं. हलत नव्हतं.

"हो," ताई म्हणाली.

अगदी साध्या आवाजात. पाठमोरीच. काच पुसता पुसता.

दिवा विझला.

"काय?" मी विचारलं.

"काय काय?"

"तू आत्ता हो म्हणालीस."

"तू विचारलंस म्हणून." ती वळली. "येऊ का म्हणून विचारलंस ना?"

"मी काही बोललो नाही, ताई."

ती फडकं हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग जिन्याकडच्या दाराकडे बघितलं. दार बंद होतं. मग तिने सावकाश आपल्या हाताकडे पाहिलं, आणि मीही पाहिलं. हात थांबला होता.

पडद्यावर चौकट परत आली होती. डाव्या कानावर. ती तिथे मी नेली नव्हती.

मी नवी खिडकी काढून टाकली, कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली. ताईला म्हणालो, माऊस जमत नसेल तर मी तुला दुसरं काहीतरी करून देईन, पण हे नको. ती हो म्हणाली, आणि हा "हो" मला उद्देशून होता.

हे घडून महिना होत आला. ताईचा हात त्या दुपारनंतर हललेला नाही. डॉक्टर खूश आहेत, म्हणतात, गोळ्यांना वेळ लागतो, पण लागू पडल्या. दाजी गिऱ्हाइकांना सांगत सुटलेत. ताई तेवढी मधूनच हात उताणा करून बघते. "छान आहे रे," मला म्हणाली. "फक्त कुणाचा तरी वापरायला आणल्यासारखा वाटतो." मुलीची आई पुन्हा आली होती. ताईने जुन्या पद्धतीने तपासणी केली, दिवा लागला नाही. आईने ताईला दूषणं दिली आणि गेली. ताईने ऐकून घेतली.

मी माझ्या मनाची समजूत घातली होती. आपल्या बोलण्यात घरातून निघणारा माणूसही "येऊ का?" असंच विचारतो. "जातो" कुणी म्हणत नाही. तेव्हा जे काही होतं ते निरोप घेत असेल, ताई हो म्हणाली आणि ते गेलं. कंपही बरोबर घेऊन गेलं. इतक्या माणसांनी आपापल्या परीने बटण दाबलं, त्यांच्यापैकी कुणाला काही झालेलं नाही. आजोबा ठणठणीत आहेत. मलाही काही झालेलं नाही.

काल संध्याकाळी घरी दुसऱ्या एका दवाखान्याचं काम करत बसलो होतो. माझा लॅपटॉप, माझं टेबल. त्यातही दोन बटणं शेजारी शेजारी होती. सवयीने मी वाट तपासली. पुढे जाताना नीट. मग मागे.

चौकट गेली.

मी हात वर उचलले आणि तसाच बसलो. घरात आम्ही दोघंच होतो. बाहेरचं दार मीच कडी घालून बंद केलं होतं. आत बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती मला "अरे" म्हणते, "ये" म्हणते. कधी थट्टेतही "या" म्हणाली नाही.

"हो, या ना," ती आतून म्हणाली.